योसेमिटीत अपर पाइन्सला तंबू ठोकायचा आहे: आईबाबा, दोन मुलं, तीन रात्री

अंगणवेल

आईबाबा (68 आणि 72) उन्हाळ्यात आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्को बे एरियात येताहेत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या व्हॅलीत, अपर पाइन्स कॅम्पग्राउंडवर, तीन रात्री तंबूत राहायचा विचार आहे. आम्ही दोघं, मुलं 4 आणि 9 वर्षांची, आणि आईबाबा. हॉटेल नको, मुलांना तंबूच हवाय. बाबांना रात्री सीपॅप (झोपेत श्वासासाठी लावायचं यंत्र) लागतं, आईचे गुडघे दुखतात, आणि तिसऱ्या दिवशी पिझ्झा समोर आला तर दोघंही उपाशी राहतील, त्यामुळे स्वयंपाक तिथेच करायचा. प्रश्न असे:

बुकिंग नेमकं कधी आणि कसं? सगळे म्हणतात मिनिटात संपतं.
अस्वलांमुळे फोडणीबिडणी द्यायची की नाही?
कूलर, गॅस, अंथरुणं किती न्यायची?
एंट्रीला गाडीचे 35 डॉलर भरले की झालं ना?

कातळकडा

आधी बुकिंग, कारण ते हुकलं तर बाकीच्याचा उपयोग नाही.

रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या वेबसाइटवर दर महिन्याच्या 15 तारखेला सकाळी 7 वाजता (पॅसिफिक वेळ) एका महिन्याच्या तारखा खुल्या होतात. 15 जून ते 14 जुलै या तारखा 15 फेब्रुवारीला उघडतील. कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकून ठेवा.

आदल्या दिवशी अपर पाइन्सचा नकाशा उघडून दहाबारा साइट्स (तंबूच्या जागा) हेरून ठेवा. प्रत्येक साइटच्या पानावर गाडी उभी करायच्या जागेची लांबी, सावली आणि जमिनीचा उतार दिलेला असतो. काही साइट्स फक्त आरव्हीसाठी (आत राहता येणाऱ्या मोठ्या गाड्यांसाठी) आहेत, त्या यादीतून काढा. स्वच्छतागृहाच्या अगदी शेजारची घेऊ नका, रात्रभर दार आपटतं आणि दिवा थेट तंबूवर येतो. पण आईच्या गुडघ्यांचा विचार करता फार लांबचीही नको. दोनतीन साइट्स सोडून असलेली सगळ्यात बरी.

त्या सकाळी 6:45 ला लॉगिन करून बसा, कार्डाची माहिती खात्यात आधीच भरलेली असू द्या. 7 ला पान रिफ्रेश करून तारखा निवडा आणि कार्टमध्ये टाका. साइट एकदा कार्टमध्ये आली की पैसे भरायला 15 मिनिटं मिळतात, तिथे घाई करून चुकीची तारीख भरू नका. आवडती साइट गेली तर तिच्यामागे न लागता यादीतली पुढची उचला. घरातल्या दोघांनी दोन लॅपटॉपवर, वेगवेगळ्या खात्यांतून, यादीचे वेगवेगळे भाग वाटून घेतले तर जास्त बरं. आणि 7:02 ला सगळं गेलेलं दिसलं म्हणून उठून जाऊ नका. ज्यांनी कार्टमध्ये टाकून पैसे भरले नाहीत त्यांच्या साइट्स 7:15 च्या सुमारास परत सुटतात.

शुक्रवार-शनिवारऐवजी रविवार ते बुधवार बघा. मुलांना सुट्टीच असणार.

एका साइटवर जास्तीत जास्त 6 माणसं आणि 2 गाड्या. मुलंही माणसांतच धरतात, म्हणजे तुम्ही बरोबर 6 झालात. आयत्या वेळी मावसभाऊ आला तर तो बसणार नाही. भाडं रात्रीला 36 डॉलर. ज्याच्या नावावर बुकिंग आहे तो ओळखपत्रासह हजर हवा, मित्राच्या नावावरचं बुकिंग घेऊन गेलात तर चालत नाही.

प्रवेशशुल्काचं मात्र 35 वर भागत नाही. 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, 16 किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला योसेमिटीसह 11 राष्ट्रीय उद्यानांत माणशी 100 डॉलर जादा आहेत. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास 250 डॉलरचा. आईबाबांना याच उन्हाळ्यात ग्रँड कॅन्यन, झायनही दाखवणार असाल तर पासचा हिशोब करा, एकट्या योसेमिटीसाठी तो परवडत नाही. पासपोर्ट जवळ ठेवा.

चूलबोळकं

फोडणी खुशाल द्या. स्वयंपाकाला बंदी नाही. गडबड होते ती स्वयंपाक संपल्यावर, सामान उघडं राहिलं की.

प्रत्येक साइटवर एक लोखंडी पेटी असते, तिला बेअर बॉक्स म्हणतात. आतलं माप 33 इंच खोल, 45 इंच रुंद आणि फक्त 18 इंच उंच. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: चाकांचा उंच कूलर आत जातच नाही, आणि रात्री तो गाडीत ठेवायला परवानगी नाही. नवा कूलर घ्यायचा असेल तर झाकण आणि कड्यांसह उंची 17 इंचांच्या आत हवी. साधारण 26 इंच लांब आणि 16 इंच रुंद असे दोन कूलर आत सरळ ढकलले तर शेजारी 13 इंचांची पट्टी उरते, तिच्यात कोरड्या सामानाचा एक अरुंद क्रेट मावतो. कूलर आणि क्रेट घरीच जमिनीवर खडूने 33 गुणिले 45 चा चौकोन आखून लावून बघा. पार्किंगच्या अंधारात ते कोडं सोडवायला नको.

पेटीत फक्त जेवण ठेवायचं असतं हा दुसरा गैरसमज. ज्याला वास आहे ते सगळं आत: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिपबाम, बाळाचे वेट वाइप्स, न उघडलेले डबे आणि सोड्याचे कॅन, कचऱ्याची पिशवी, स्टोव्ह. आपल्याकडची जादा यादी म्हणजे खोबरेल तेल, झंडू बाम, अमृतांजन, हिंगाष्टक, खोकल्याचं औषध, बडीशेपेची डबी, उदबत्ती. आईच्या पर्सचे सगळे कप्पे तपासा, उशीखाली ठेवलेला बामही बाहेर काढा. गोळ्यांची पाकिटंही झिपच्या पिशवीत घालून पेटीत. रात्री लागणारी गोळी झोपण्याआधीच देऊन टाका.

गाडीतलं अन्न फक्त दिवसाउजेडी चालतं, तेही काचा पूर्ण बंद आणि बाहेरून दिसणार नाही असं. अंधार पडला की गाडी रिकामी हवी. इथे 4 वर्षांचं मूल म्हणजे मोठी जोखीम: कारसीटच्या फटीत पारले-जीचा चुरा, चकलीचे तुकडे, ज्यूसचे डाग. निघायच्या आदल्या दिवशी गाडी व्हॅक्यूम करा, कारसीटचं कव्हर धुवा. वास येत असेल तर सीटसुद्धा पेटीत ठेवायला सांगतात, आणि तुमच्या पेटीत तेवढी जागा उरणार नाही. अस्वल गाडीच्या दाराची वरची कड धरून चौकट वाकवतं, त्याला काच फोडायचीही गरज पडत नाही. नियम मोडला तर दंड 5000 डॉलरपर्यंत जाऊ शकतो, गाडीचा खर्च वेगळा.

पेटीची कडी दर वेळी लावायची, दिवसासुद्धा. "आत्ता येते" म्हणून नळावर गेलात की तेवढ्यात स्टेलर जे हा पक्षी किंवा खार पोळी पळवते. अन्न बाहेर असेल तर हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस बसलेलं हवं. हे काम आजोबांना द्या, ते चोख करतील.

मर्सेडकाठ

थोडा विरोधी सूर लावतो. 72 व्या वर्षी, सीपॅपसह, सलग तीन रात्री तंबूत कशाला? व्हॅलीतच हाउसकीपिंग कॅम्प आहे, नदीकाठी. तीन बाजूंनी काँक्रीटच्या भिंती, वर कॅनव्हासचं छत, आत पलंग आणि विजेचा प्लग. बाहेर चूल पेटवायला लोखंडी कडं आहे, स्वयंपाकाला परवानगी आहे. मुलांना तंबूसारखंच वाटतं आणि सीपॅपचा प्रश्न मिटतो. करी व्हिलेजच्या कॅनव्हास तंबूंतही पलंग मिळतात, पण तिथे स्वयंपाक करता येत नाही, म्हणजे तुमच्या उपयोगाचे नाहीत.

कातळकडा

सुचवणी चांगली आहे, पण हाउसकीपिंगमध्ये दोन कुटुंबांच्या मध्ये फक्त भिंत किंवा पडदा असतो, आवाज बराच येतो. भाडंही तंबूच्या साइटच्या कितीतरी पट. अपर पाइन्स मिळालं नाही तर दुसरा पर्याय म्हणून ठेवा.

सीपॅपचं गणित सोपं आहे. अपर पाइन्सला कुठल्याही साइटवर वीज नाही. ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली तर यंत्र एका रात्रीला साधारण 150 ते 250 वॉट-अवर खातं, चालू ठेवली तर याच्या दुप्पटही. 500 वॉट-अवरची पॉवर स्टेशन बॅटरी दोन रात्री काढते, आणि दिवसा गाडी चालवताना 12 व्होल्टच्या सॉकेटवरून भरता येते. यंत्राची मूळ कंपनीची डीसी केबल घ्या. बॅटरीच्या एसी प्लगला लावलं तर डीसीचं एसी आणि परत डीसी होताना चार्ज वाया जातो. निघण्याआधी एक रात्र घरी बॅटरीवर चालवून सकाळी किती टक्के उरले ते बघा. जनरेटरच्या भरवशावर राहू नका, त्याला फक्त सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 7 परवानगी आहे. नेमका झोपायच्या वेळी नाही. यंत्राची पाण्याची टाकी आणि मास्क सुगंधी वाइप्सने पुसू नका, तो वास घेऊन तंबूत झोपणार आहात.

अंगणवेल

सगळ्यांचे आभार. हाउसकीपिंग दुसरा पर्याय म्हणून लिहून ठेवलं. आता गॅस आणि जेवणाबद्दल सांगा ना. प्रेशर कुकर न्यायचा का? आणि अंथरुणं?

चूलबोळकं

कुकर न्या, 3 लिटरचा पुरतो. व्हॅलीची उंची सुमारे 4000 फूट, पाणी तिथे 96 अंशांच्या आसपास उकळतं. भात उघड्या पातेल्यात होतो, थोडा वेळ जास्त लागतो. तूरडाळ मात्र उघड्यावर शिजवत बसलात तर गॅस संपेल. कधी ट्युओलमी मेडोजला (8600 फूट) राहायला गेलात तर तिथे पाणी 91 अंशांवर उकळतं, तेव्हा कुकरशिवाय डाळीचं नावही काढू नका.

दोन बर्नरचा प्रोपेनचा स्टोव्ह. हिरवी छोटी टाकी 16.4 औंसांची, एक 10,000 बीटीयूचा बर्नर पूर्ण आचेवर ठेवला तर जेमतेम दोन तास चालते. सहा माणसांचा दोन वेळचा चहा, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलं तर दिवसाला एक टाकी. तुम्हाला तीन, आणि एक राखीव. स्टोव्हची वाऱ्याची पाती उघडी ठेवा, नाहीतर निम्मी आच बाहेरच जाते. पाऊस आला तरी स्टोव्ह तंबूत किंवा तंबूच्या पडवीत पेटवायचा नाही. आग लागायची भीती आहेच, त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रिकाम्या टाक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

जेवणाचं असं लावा. पहिल्या रात्री तंबू ठोकून सगळे दमलेले असतात, मेतकूट-भात, तूप, भाजलेला पापड, पुरे. राजमा आणि आमटी घरून घट्ट करून झिपच्या पिशव्यांत आडव्या, चपट्या गोठवा. त्या कूलरमध्ये बर्फाचं काम करतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री नुसत्या गरम करायच्या. दशम्या आणि मेथीचे पराठे तीन दिवस टिकतात. दशम्या दुधात भिजवलेल्या असतील तर आधी संपवा. कणीक मळून न्यायची तर दोन दिवसांच्या आत वापरा. उपम्यासाठी रवा भाजून त्यात फोडणी, उडीदडाळ आणि वाळवलेला कढीपत्ता घरीच घालून ठेवा. तिथे 1 वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी, 7-8 मिनिटं झाकण. कांदा चिरणं, सालं, कचरा, सगळं वाचतं. पिठलंही असंच, बेसन आणि मसाला एका डब्यात. तळण टाळा. तेल उडतं ते टेबलावर आणि दगडांवर मुरतं आणि वास पुढच्या कॅम्पवाल्यापर्यंत राहतो. टेबलावर जुना प्लास्टिकचा कपडा घाला आणि रोज पुसा.

एका कूलरमध्ये फक्त पेयं आणि फळं ठेवा, कारण तो मुलं दिवसातून वीस वेळा उघडतात. दुसरा फक्त जेवणाचा. बर्फाचे चुरे घेण्यापेक्षा दूध-ज्यूसच्या बाटल्यांत पाणी गोठवून न्या, सावकाश वितळतं आणि नंतर पिता येतं.

भांडी स्वच्छतागृहातल्या बेसिनमध्ये घासायला मनाई आहे. पाणी तापवून टबमध्ये घासा, खरकटं गाळणीने गाळून कचऱ्यात टाका, उरलेलं पाणी स्वच्छतागृहाजवळच्या सांडपाण्याच्या ड्रेनमध्ये ओता. झाडाखाली किंवा नदीत नाही. पोहे धुतलेलं पाणीसुद्धा ड्रेनमध्येच.

गोधडी

अंथरुणांबद्दल. जूनच्या शेवटी व्हॅलीत दिवसा 30 अंश सेल्सिअस, पहाटे 10 ते 12. हवेपेक्षा जमीन जास्त गारठवते. साधी फुगवायची गादी आतल्या हवेमुळे उलट थंड पडते. तिच्यावर फोम किंवा दुहेरी सतरंजी घातल्याशिवाय झोपू नका. विकत घेताना पॅडचं आर-मूल्य (गारवा किती अडवतो त्याचं माप) 3 च्या वर हवं. आईसाठी 16-18 इंच उंच घडीची खाट घ्या, जमिनीवरून उठण्याचा त्रास वाचतो. पण खाटेखालून हवा खेळते, त्यामुळे खाटेवरही पॅड हवाच. घरची गोधडी स्लीपिंग बॅगच्या आत घातली तर दोघंही न कुरकुरता झोपतील.

तंबूवर "6 माणसांचा" लिहिलेलं असेल तर सामानासह चौघांचा समजा. आईबाबांना वेगळा घ्या, उभं राहता येईल असा. खाली घालायची ताडपत्री तंबूच्या कडेपेक्षा दोनेक इंच आतच दुमडा, बाहेर राहिली तर पाऊस गोळा करून तंबूखाली आणते. जमीन कडक आहे, तंबूसोबतच्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. जाड पोलादी खुंट्या आणि हातोडी न्या.

एक गोष्ट कुणी लिहीत नाही: स्वच्छतागृहात फ्लश आहे, पण बेसिनला गार पाणी आणि बाकी कागद. तांब्या किंवा मोठ्या तोंडाची बाटली न विसरता न्या. आंघोळीची सोय कॅम्पग्राउंडमध्ये नाही, करी व्हिलेजमध्ये पैसे भरून शॉवर मिळतो. रात्री आईबाबांच्या डोक्याला लावायचे दिवे द्या, हातात बॅटरी धरून तांब्या सांभाळता येत नाही.

मर्सेडकाठ

मुलांसाठी अस्वलापेक्षा नदीची काळजी करा. जूनमध्ये वरचा बर्फ वितळून मर्सेड फुगलेली असते, पाणी बर्फाळ आणि वेगात. गुडघाभर पाण्यातही 4 वर्षांचं मूल उभं राहत नाही. धबधब्यांच्या वरच्या डोहात तर पाऊलही टाकायचं नाही, दगड गुळगुळीत असतात. योसेमिटीत फक्त काळं अस्वल आहे (रंगाने तपकिरीही दिसतं). कॅम्पमध्ये आलं तर लांबूनच ओरडा, भांडी बडवा, ते जातं. खारींना हाताने खायला घालू नका, चावतात. आणि उंदीर दिसले तर झाडून धूळ उडवू नका: 2012 मध्ये योसेमिटीत हंटाव्हायरसने तीन जण दगावले, तो उंदरांच्या विष्ठेतून पसरतो. ब्लीचचं पाणी शिंपडून ओल्या कागदाने पुसा.

आईबाबांसाठी लोअर योसेमिटी फॉलची मैलभराची डांबरी वाट उत्तम. जूनमध्ये धबधबा जोरात असतो, ऑगस्टमध्ये बहुधा आटतो. मिस्ट ट्रेलचा पूल पाऊण मैलावर आहे पण चढ 400 फुटांचा, गुडघ्यांना नको. व्हॅलीत फुकट शटल फिरते, गाडी साइटवरच राहू द्या.

अंगणवेल

शेकोटी चालते का? आणि ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर बुकिंगचे पैसे?

कातळकडा

1 मे ते 30 सप्टेंबर व्हॅलीत शेकोटी फक्त संध्याकाळी 5 ते रात्री 10, धुरामुळे. लाकडं तिथे गोळा करायची नाहीत, पडलेल्या काड्या आणि पाइनची फळंसुद्धा नाही. विकत घ्या, आणि तिथेच घ्या. घरून लांबचं सरपण नेलं तर त्यातून झाडांना मारणारे किडे जंगलात जातात. विझवताना पाणी ओता, ढवळा, परत ओता, राखेजवळ हात नेऊन धग लागत नाही असं होईपर्यंत. 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते, कुकरच्या शिट्ट्या त्याआधीच उरकून घ्या.

रद्द केलं तर 10 डॉलर कापून बाकी परत. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. म्हणून लोक एकदोन आठवडे आधी भराभर सोडतात. 15 फेब्रुवारीला काहीच मिळालं नाही तर रिक्रिएशन डॉट गव्हवर सूचनेचं बटण लावून ठेवा आणि जूनच्या मध्यापासून रोज सकाळी बघा. सलग तीन रात्री नाही मिळाल्या तर दोन वेगवेगळ्या साइट्सवर दोन आणि एक अशा घ्या. तंबू हलवायला तासभर जातो, एवढंच.

बे एरियातून जाताना हायवे 120 ने ग्रोव्हलंडवरून अंतर कमी पडतं पण वळणं फार. आईला गाडी लागत असेल तर हायवे 140 ने मर्सेड-मारिपोसावरून या, रस्ता सौम्य आहे. शेवटची मोठी किराणा दुकानं 120 वर ओकडेलला, 140 वर मर्सेडला. व्हॅलीत पेट्रोल मिळत नाही. 140 ने आलात तर एल पोर्टलला आणि 120 ने आलात तर क्रेन फ्लॅटला टाकी भरा. फोनचा सिग्नल भरवशाचा नाही, बुकिंगची पावती आणि नकाशे घरीच उतरवून घ्या.